टर्मिनलवरून डेटाबेसमधील टेबले आणि कॉलम कसे पाहावेत? – गावच्या वाचनालयाच्या जुन्या नोंदींसाठी मदत हवी

वाचनवेल (धागा सुरू करणारे)

नमस्कार.

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात मी सायंकाळची देवघेव सांभाळतो. पुस्तके आणि सभासद यांच्या नोंदी ज्या संगणकावर आहेत, त्यावरचा कार्यक्रम पुष्कळ वर्षांपूर्वी गावातल्याच एका तरुणाने करून दिला होता. तो आता परदेशी असतो आणि त्याने केलेल्या रचनेचा एकही कागद वाचनालयात नाही. यंदाच्या पावसात वीज वारंवार गेल्यानंतर त्या कार्यक्रमाची खिडकीच उघडेनाशी झाली. संगणक मात्र सुरू होतो, लिनक्सचे टर्मिनल उघडते, आणि दाखल नोंदवहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवलेले नाव व पासवर्ड देऊन मारियाडीबी या डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रणालीत प्रवेशही मिळतो.

चतुर्थीच्या आधी ग्रंथपडताळणी पूर्ण करायची आहे आणि त्यानंतर सगळ्या नोंदी कोहा या मुक्त ग्रंथालय प्रणालीत न्यायच्या आहेत. मला ‘सिलेक्ट’ची, म्हणजे टेबलातला मजकूर मागवण्याची, साधी वाक्ये लिहिता येतात, पण कोणत्या टेबलात काय आहे हेच माहीत नसेल तर सिलेक्ट तरी कशातून करणार? ‘शो टेबल्स’ दिल्यावर सात नावे आली: दाखल, पुस्तक, लेखक, वर्ग, भास, वाडो आणि सभासद_यादी. देवघेवीचे टेबल नाही, अनामत रकमेचेही नाही. कार्यक्रम चालू असताना या दोन्ही गोष्टी पडद्यावर मी रोज पाहत असे, तेव्हा त्या कुठेतरी असल्याच पाहिजेत.

(नावे आणि आज्ञा मुळात रोमी अक्षरांत आहेत. वाचायला सोपे जावे म्हणून येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो.)

---

दर्यावेळ

वाचनवेल, आपण काहीही बदलण्याआधी विचारलेत हे फार चांगले झाले. यादी पाहण्याच्या आज्ञा केवळ वाचन करतात, त्यामुळे त्या निर्धास्तपणे द्या. ‘अपडेट’, ‘ऑल्टर’ आणि ‘ड्रॉप’ हे तीन शब्द मात्र पडताळणी संपेपर्यंत टंकूच नयेत.

पहिली गोष्ट अशी की ‘शो टेबल्स’ फक्त नावे सांगते; नावामागे खरे टेबल आहे की व्ह्यू, हे ती सांगत नाही. त्यासाठी ‘शो फुल टेबल्स’ द्या. उजवीकडे दुसरा कॉलम येईल आणि त्यात ‘बेस टेबल’ किंवा ‘व्ह्यू’ असे लिहिलेले दिसेल. व्ह्यू म्हणजे साठवून ठेवलेले सिलेक्टचे वाक्य. त्यात स्वतःचा मजकूर नसतो, दुसऱ्या टेबलांतला मजकूर त्याच्यातून दिसतो. ‘सभासद_यादी’ या नावातल्या ‘यादी’वरून मला तो व्ह्यू असावा असे वाटते.

कॉलम पाहण्यासाठी ‘डिस्क्राइब पुस्तक’ द्या. प्रत्येक कॉलमसाठी एक ओळ येते: नाव, प्रकार, रिकामा चालतो की नाही, किल्ली (ओळ ओळखण्यासाठी तो कॉलम वापरतात का), आपोआप भरली जाणारी किंमत आणि इतर. त्याहून अधिक हवे असेल तर ‘शो फुल कॉलम्स फ्रॉम पुस्तक’. यात कॉलमचे कोलेशन (अक्षरे कशी ओळखायची आणि लावायची याचा नियम) आणि करणाऱ्याने लिहिलेली टीप, म्हणजे कॉमेंट, हीदेखील दिसते. रचनेचा कागद हरवलेला असताना अशी एखादी टीप मोलाची ठरते, म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नका.

सर्वांत पूर्ण उत्तर ‘शो क्रिएट टेबल पुस्तक’ देते, कारण ते टेबल ज्या वाक्याने तयार होईल ते संपूर्ण वाक्यच समोर येते. पडदा अरुंद असेल तर शेवटी अर्धविरामाऐवजी बॅकस्लॅश आणि मोठा जी लिहा. मग ओळी आडव्या न पसरता एकाखाली एक येतात.

एक सूचना पासवर्डविषयी. मायएसक्यूएलच्या (मारियाडीबी याच प्रणालीतून निघाली) आज्ञेत ‘उणे पी’ला लागूनच पासवर्ड लिहिला तर तो टर्मिनलच्या इतिहासात राहतो, मध्ये मोकळी जागा सोडली तर पुढचा शब्द डेटाबेसचे नाव समजला जातो. म्हणून नुसते ‘उणे पी’ लिहून थांबावे आणि विचारल्यावर पासवर्ड द्यावा.

---

वाचनवेल

दर्यावेळ, मनापासून आभार. आपला अंदाज खरा ठरला: सहा नावांपुढे ‘बेस टेबल’ आहे आणि सभासद_यादीपुढे ‘व्ह्यू’.

‘डिस्क्राइब पुस्तक’चे उत्तर असे आले. दाखल_क्र, प्रकार इंट (पूर्णांक), किल्लीच्या रकान्यात ‘पीआरआय’ (मुख्य किल्ली). नाव, प्रकार वारचार २०० (मजकूर). लेखक_क्र, इंट. भास_क्र, टायनीइंट. वर्गांक, फ्लोट. किंमत, डेसिमल. शेरा, टेक्स्ट. टीप कुठेच लिहिलेली नाही. ‘भास’ टेबलात चारच ओळी आहेत: मराठी, कोंकणी, इंग्लिश, पोर्तुगेज. करणाऱ्याने कॉलमना घरच्या बोलीतली नावे दिल्यामुळे अर्थ चटकन लागतो आहे.

मात्र ‘शो क्रिएट व्ह्यू सभासद_यादी’ दिल्यावर परवानगी नाकारली गेली.

---

जुनीनोंदवही

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो आहे. संगणकाच्या आज्ञांमधले मला फारसे कळत नाही, पण वर दिलेल्या यादीतील एका ओळीने मी चपापलो आणि ती तशीच पुढे जाऊ नये म्हणून लिहीत आहे.

वर्गांकाचा प्रकार ‘फ्लोट’ असा आहे. याचा अर्थ अंदाजे साठवलेली दशांश संख्या असा असेल, तर पडताळणीत घोटाळा होणार. ड्युई दशांश वर्गीकरणात वर्गांक दिसतो संख्येसारखा, पण तो संख्या नसतो. कपाटातली जागा सांगणारी ती खूण असते. मराठी साहित्याचा ८९१.४६ हा वर्गांक कदाचित ठीक दिसेल. पण डेटाबेस या विषयावरच्या पुस्तकाचा वर्गांक ००५.७४ असतो, आणि आपल्या संगणकात तो ५.७४ झालेला असेल. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर आरंभीची दोन शून्ये असतात आणि कपाटात ती पाहूनच पुस्तक लावले जाते. शून्य ते नव्याण्णव या संपूर्ण विभागातील पुस्तके, म्हणजे सामान्य ज्ञान, ज्ञानकोश आणि संगणक, एकदा चिठ्ठीशी ताडून पाहावीत, अशी माझी विनंती आहे.

---

दर्यावेळ

जुनीनोंदवही यांनी दाखवलेली गोष्ट नेमकी आहे. कॉलमची यादी काढताना लोक नावे वाचतात आणि प्रकाराचा रकाना सोडून देतात. वास्तविक अशा चुका त्या रकान्यातच सापडतात. कोहात नेताना वर्गांक मजकूर म्हणूनच न्यावा आणि दशांश चिन्हाच्या डावीकडे तीन अंक होतील इतकी शून्ये आधी भरून घ्यावीत. लेखकाच्या नावाची आद्याक्षरे वर्गांकाला जोडलेली असतील तर ती या कॉलममध्ये मावणारच नाहीत. ती ‘शेरा’त लिहिली आहेत का, तेही पाहा.

---

पारंबी

सातच टेबले का दिसतात, हा मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून तिकडे वळतो.

‘शो टेबल्स’चे उत्तर हे डेटाबेसमध्ये काय आहे याचे उत्तर नसून, आपल्या नावाला काय पाहण्याचा अधिकार आहे याचे उत्तर असते. ज्या टेबलावर आपल्याला कोणताच अधिकार नाही, त्याचे नावही यादीत येत नाही. ‘टेबल लपवले आहे’ असा इशारा मिळत नाही, आणि त्यामुळेच यादी पुरी आहे असा समज होतो. ‘शो डेटाबेसेस’लाही हाच नियम लागू आहे. पेन्सिलीने लिहिलेले ते नाव बहुधा केवळ वाचनासाठी दिलेले असेल. ‘शो ग्रँट्स’ द्या, म्हणजे कोणत्या टेबलांवर कोणता अधिकार आहे ते ओळीओळीने दिसेल. व्ह्यूचे वाक्य पाहण्यासाठी ‘शो व्ह्यू’ हा निराळा अधिकार लागतो. तो नसल्यामुळेच आपल्याला नकार मिळाला. पण व्ह्यूतून मजकूर दिसतो, कारण तो सहसा करणाऱ्याच्या अधिकाराने मूळ टेबल वाचतो. म्हणजे ‘सभासद’ नावाचे, किंवा तशा अर्थाचे, मूळ टेबल त्या संगणकावर निश्चित आहे.

आता जी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे ती सांगतो. टेबलांची यादी ही स्वतःच टेबलात ठेवलेली असते. रिलेशनल, म्हणजे मजकूर टेबलांत ठेवण्याच्या, पद्धतीची मांडणी १९७० मध्ये एडगर कॉड यांनी केली आणि १९८५ मध्ये त्यांनी जे नियम सांगितले, त्यांतील चौथा नियम असा आहे की डेटाबेसचे वर्णनही इतर मजकुरासारखेच साठवलेले असावे आणि त्याच भाषेत विचारता यावे. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर तालिकेच्या कपाटाचीही नोंद तालिकेतच असावी. या कल्पनेला एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) १९९२ च्या प्रमाणात ‘इन्फर्मेशन स्कीमा’ हे नाव मिळाले. मारियाडीबी, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर यांत ती उपलब्ध आहे. ओरॅकलमध्ये ती नाही. तेथे ‘ऑल_टेबल्स’ आणि ‘ऑल_टॅब_कॉलम्स’ यांतून तेच काम होते.

म्हणून ‘शो’च्या आज्ञा पाठ करण्यापेक्षा एक सिलेक्ट शिकून घ्या:

‘सिलेक्ट टेबल_स्कीमा, टेबल_नेम, कॉलम_नेम, डेटा_टाइप फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.कॉलम्स व्हेअर कॉलम_नेम लाइक '%अनामत%'’

या एका वाक्याने सगळ्या डेटाबेसांतल्या सगळ्या टेबलांत तो शब्द शोधला जातो. ‘डिस्क्राइब’ला आधी टेबलाचे नाव द्यावे लागते, येथे नाव माहीत नसतानाही शोधता येते आणि आपली अडचण नेमकी तीच आहे. लक्षात ठेवण्यासारखे एवढेच की ‘लाइक’मध्ये खालची रेघ म्हणजेही ‘कोणतेही एक अक्षर’ असा अर्थ होतो, त्यामुळे ‘दाखल_क्र’ शोधताना क्वचित नको असलेले नावही येईल.

अधिकाराची मर्यादा येथेही आहेच. बऱ्याच लिनक्स संगणकांवर मारियाडीबीचा मुख्य वापरकर्ता पासवर्डाने नव्हे, तर संगणकाच्या प्रशासकाच्या ओळखीने आत येतो. कार्यकारिणीची परवानगी घ्या आणि टर्मिनलवर ‘सुडो मारियाडीबी’ देऊन पाहा. सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक त्यानंतर आपल्यासमोर उघडे असतील, म्हणून ही परवानगी लेखी घेतलेली बरी.

---

सुरंगीफूल

याच विषयातला माझा प्रश्न येथे विचारते. मी वास्कोला एका कचेरीत काम करते. आमच्याकडे पोस्टग्रेएसक्यूएल आहे. त्याच्या टर्मिनलवरच्या पीएसक्यूएल या कार्यक्रमात बॅकस्लॅश डीटी (टेबलांची यादी) दिल्यावर एकही टेबल सापडले नाही असा संदेश येतो. पण त्याच डेटाबेसवर चालणारा कार्यक्रम व्यवस्थित चालतो. हाही अधिकाराचाच प्रकार समजायचा का?

---

पारंबी

सुरंगीफूल, बहुधा नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये डेटाबेसच्या आत स्कीमा, म्हणजे टेबलांचे गट, असतात आणि बॅकस्लॅश डीटी केवळ आपल्या ‘सर्च पाथ’वर (वेगळे न सांगता जेथे शोधले जाते ती यादी) असलेल्या स्कीमांतील टेबले दाखवते. कार्यक्रमाची टेबले निराळ्या स्कीमात असतील, तर यादी रिकामीच येणार. बॅकस्लॅश डीएन देऊन स्कीमांची नावे पाहा, नंतर बॅकस्लॅश डीटी, मोकळी जागा, स्कीमाचे नाव, बिंदू आणि तारांकन असे लिहा. त्याआधी आपण योग्य डेटाबेसमध्ये आहोत ना, हे मात्र बॅकस्लॅश कॉनइन्फो देऊन पाहून घ्या. काही न सांगता प्रवेश केला तर पीएसक्यूएल आपल्या वापरकर्त्याच्या नावाचाच डेटाबेस उघडू पाहते.

कॉलमसाठी बॅकस्लॅश डी आणि टेबलाचे नाव. त्याला अधिक चिन्ह जोडले तर टिपाही दिसतात. नावात मोठी अक्षरे असतील तर ते दुहेरी अवतरणात लिहावे लागते, अन्यथा पोस्टग्रेएसक्यूएल ते लहान अक्षरांत बदलून शोधते आणि समोर असलेले टेबल नाही म्हणून सांगते.

आणखी एक. पीएसक्यूएल सुरू करताना ‘उणे मोठा ई’ दिले, तर प्रत्येक बॅकस्लॅश आज्ञेमागे प्रत्यक्षात कोणते सिलेक्ट चालले ते पडद्यावर छापले जाते. मी पीजी_कॅटलॉगमधली, म्हणजे डेटाबेसचे वर्णन ठेवणारी, टेबले याच मार्गाने शिकलो, आणि त्याहून चांगला शिक्षक मला मिळाला नाही.

---

सुरंगीफूल

स्कीमाच वेगळा निघाला. चाळीसहून अधिक टेबले एकदम दिसली. आभारी आहे.

---

काणकोणकर

भ्रमणध्वनीवरच्या लहान कार्यक्रमांत एसक्यूलाइट असते, त्याविषयी थोडक्यात लिहितो. तेथे सर्व्हर नसतो, वापरकर्ते नसतात, डेटाबेस म्हणजे एक फाइल. ‘एसक्यूलाइट३’पुढे फाइलचे नाव देऊन आत गेल्यावर ‘बिंदू टेबल्स’ने टेबले, ‘बिंदू स्कीमा’ने रचना आणि ‘प्रॅग्मा टेबल_इन्फो’ने कॉलम दिसतात. यादीमागचे टेबल ‘एसक्यूलाइट_मास्टर’.

यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो आहे. फाइलचे नाव एका अक्षराने जरी चुकले, तरी एसक्यूलाइट तक्रार करत नाही. त्या नावाचा नवा, रिकामा डेटाबेस समजून पुढे जाते आणि ‘बिंदू टेबल्स’चे उत्तर कोरे येते. सगळा मजकूर पुसला गेला असे वाटून मी एक रात्र जागून काढली. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी होती.

---

वाचनवेल

कार्यकारिणीने लेखी परवानगी दिली आणि काल सायंकाळी अध्यक्षांना शेजारी बसवूनच काम केले.

‘सुडो मारियाडीबी’ने प्रवेश मिळाला. ‘शो डेटाबेसेस’मध्ये प्रणालीचे डेटाबेस सोडून दोन नावे होती: ‘ग्रंथ’, जो मला आधीपासून दिसत होता, आणि ‘ग्रंथ_हिशोब’, ज्याचे नावही मी कधी पाहिले नव्हते. ‘ग्रंथ’मध्ये सात नव्हे, अकरा नावे निघाली. नव्याने दिसलेली चार म्हणजे सभासद, देवघेव, दंड आणि जुने_सभासद. पारंबी यांचे वाक्य चालवल्यावर ‘अनामत’ दोन ठिकाणी सापडले: ‘ग्रंथ’मधील सभासद टेबलात ‘अनामत’, आणि ‘ग्रंथ_हिशोब’मधील पावती टेबलात ‘अनामत_परत’. म्हणजे घेतलेली रक्कम एका डेटाबेसमध्ये आणि परत केलेली दुसऱ्यात. अध्यक्षांनी ते पाहिले आणि वार्षिक हिशोबात दरवर्षी हा आकडा हाताने का जुळवावा लागे, ते आता कळले असे म्हणाले.

दोन प्रश्न राहिले आहेत. ‘देवघेव’चा ‘सभासद’शी संबंध कोणत्या कॉलमने जोडला आहे, हे ‘शो क्रिएट टेबल’मध्ये कुठेच लिहिलेले दिसत नाही. आणि ‘जुने_सभासद’मधील नावे प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखी दिसतात.

---

दर्यावेळ

पहिल्याचे उत्तर त्याच वाक्याच्या शेवटी ‘इंजिन’पुढे मिळेल; इंजिन म्हणजे टेबल साठवणारा भाग. तेथे मायआयसॅम लिहिलेले असेल, तर परकी किल्ली, म्हणजे दुसऱ्या टेबलाशी जोडणारी नोंद, तेथे नसणारच. ते इंजिन असे संबंध ठेवत नाही. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी हे वेगळे न सांगता वापरले जाणारे इंजिन झाले ते ५.५ या आवृत्तीपासून, २०१० मध्ये, आणि त्याआधीच्या सवयीने केलेली टेबले आजही जागोजाग आहेत. अशा वेळी कॉलमच्या नावांवरूनच संबंध ओळखावा लागतो. इन्फर्मेशन_स्कीमा.कॉलम्समध्ये कॉलमच्या नावानुसार गट पाडून एकाहून अधिक टेबलांत येणारी नावे काढा. ‘सभासद_क्र’ आणि ‘दाखल_क्र’ लगेच वर येतील.

दुसऱ्यासाठी ‘शो फुल कॉलम्स फ्रॉम जुने_सभासद’ देऊन कोलेशन पाहा. तेथे ‘लॅटिन१’ (देवनागरी नसलेला अक्षरसंच) असेल तर काळजीचे कारण आहे, पण निराश होण्याआधी ‘सिलेक्ट हेक्स’ने एका नावाचे बाइट्स, म्हणजे साठवलेले मूळ आकडे, पाहा. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात तीन बाइटांचे असते आणि त्याची सुरुवात ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ने होते. ही जोडी वारंवार दिसली तर मजकूर शाबूत आहे. तो ओळखण्याच्या खुणेतच चूक आहे आणि ती दुरुस्त होते. ‘३एफ’ ‘३एफ’ अशी रांग दिसली तर साठवतानाच अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे गेली आहेत. ती नावे मग कागदावरूनच घ्यावी लागतील.

शेवटी ‘मायएसक्यूएलडंप’ला ‘नो-डेटा’ हा पर्याय देऊन दोन्ही डेटाबेसांची रचना एका फाइलमध्ये काढून ठेवा. त्या फाइलमध्ये टेबले, कॉलम, प्रकार आणि व्ह्यूंची वाक्ये असतील, एकाही सभासदाचे नाव नसेल. त्यामुळे ती येथे दाखवायलाही हरकत नाही. आणि पडताळणीत ओळींची संख्या इन्फर्मेशन_स्कीमा.टेबल्समधून घेऊ नका. इनोडीबीसाठी ती अंदाजे असते, खरी संख्या ‘काउंट’नेच मिळते.

---

वाचनवेल

इंजिन मायआयसॅमच आहे. गट पाडल्यावर ‘सभासद_क्र’ पाच टेबलांत आणि ‘दाखल_क्र’ चार टेबलांत आले, आणि देवघेवीतल्या दहा नोंदी कार्डांशी ताडून पाहिल्या तेव्हा दहाही जुळल्या.

‘जुने_सभासद’चे कोलेशन लॅटिन१ आहे आणि हेक्समध्ये ‘३एफ’चीच रांग आहे. ती नावे गेली. पण टेबलात सभासद_क्र शिल्लक आहे आणि वाचनालयाच्या माळ्यावर जुन्या सभासदांच्या अर्जांचे गठ्ठे क्रमाने बांधून ठेवलेले आहेत; रविवारी दोघेजण मिळून ते खाली उतरवणार आहोत. ००५ विभागातली पुस्तके जुनीनोंदवही यांच्या सांगण्याप्रमाणे चिठ्ठीशी ताडली. चौदा निघाली आणि चौदाही संगणकात ५ ने सुरू होत होती.

रचनेची फाइल काढली आहे. तिची छापील प्रत दाखल नोंदवहीत, पेन्सिलीने लिहिलेल्या त्या पानासमोर चिकटवली आहे.